सात वेळा धुतलेले हात

कुणी कुत्रं पाळतं, कुणी पोपट पाळतं. आमच्या जवळा बाजार गावात मुंजाजीनं विंचू पाळले. विंचू, कोळी, एक वीतभर गोम आणि हात लावला की जिलेबीसारखी गोल होऊन बसणारी एक वाणी. सगळं काचेच्या बरण्यांत. अन् या बरण्या होत्या कुठं? कृषी सेवा केंद्राच्या मागच्या खोलीत. पुढच्या फळीवर अळी मारायचं, मावा मारायचं, तुडतुडे मारायचं, म्हणजे चारापेक्षा जास्त पायांवर जे जे चालतं ते सगळं मारायचं औषध. आणि पडद्यामागं हा बाबा चिमट्यानं कोळ्याला नाकतोडा भरवतोय. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहायची हौसही नाही.

माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पुस्तकांचं दुकान त्याच्या बरोबर समोर. मध्ये दहा फुटांचा रस्ता. आता त्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलंय, पण सहा-सात वर्षं त्याचा सगळा तमाशा मला फुकटात बघावा लागला. माझी जीभ जरा तिखट आहे असं लोक म्हणतात. 'जरा' हा शब्द ते भिडेखातर घालतात.

मुंजाजी अंगानं बारीक, मान लांब, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि चौथा चिमटा. चालायचा असा, की जणू घरात कुणी आजारी झोपलंय. बरण्यांना धक्का लागू नये म्हणून ही चाल त्यानं लावून घेतली होती, आणि मग ती बाजारात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं तशीच राहिली. बोलणंही हळू. एखादा शेतकरी हातात किडलेलं बोंड घेऊन तणतणत यायचा, "काहून बे, तुझ्या औषधानं अळी मेली न्हाई!" तर हा ते बोंड उघडून आतली अळी निरखत बसायचा. शेतकऱ्याला वाटायचं, औषध शोधतोय. मला ठाऊक होतं, तो अळीची तब्येत बघतोय.

सुरुवात एका इंगळीपासून झाली. इंगळी म्हणजे मोठा काळा विंचू, जवळजवळ तळहाताएवढा. पेरणीच्या दिवसांत खताच्या पोत्याखालून ती बाहेर आली. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, तिघांनीही पायातलं काढलं. मुंजाजीनं काउंटरवरची लिमलेटच्या गोळ्यांची बरणी उपडी केली, गोळ्या त्या तिघांच्या पायांशी घरंगळल्या, आणि ती रिकामी बरणी त्यानं इंगळीवर पालथी घातली. मग उकिडवा बसून बघत राहिला. बियाणं घ्यायला आलेल्या माणसाला म्हणाला, "उद्या या." पेरणीच्या दिवसांत! मी रस्ता ओलांडून गेलो.

"मुंजा, काय करून राहिला?"

"पल्हादभाऊ, हे बघा. काळी म्हणतो आपण हिला. पण उन्हात हिरवी दिसून राहिली. आजवर आमी हिला चपलेखालीच पाह्यलं."

"चपलेखालीच पाहायची चीज हाय ती," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली नाही. माझ्यापेक्षा इंगळी त्याला जास्त बघण्यासारखी वाटली, हे त्यानं पहिल्याच दिवशी मला दाखवून दिलं. मी काही ते विसरणाऱ्यातला नव्हतो.

एकीच्या तीन इंगळ्या झाल्या. मग दोन लाल विंचू आले, बोटाच्या दोन पेरांएवढे, दिसायला किरकोळ. मग कोळी. मोबाइलवर परदेशातले लोक तळहातावर कोळी घेऊन बसलेले असतात, ते बघत हा जेवायचा. अकरा बरण्या झाल्या. प्रत्येकीत माती, एक खापराचा तुकडा, बाटलीच्या झाकणात कापसाचा ओला बोळा. विंचवाला वाटीतलं पाणी पिता येत नाही, तो बोळ्यातून ओल शोषतो, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, "अन् यांची नावं काय ठेवली?" तर म्हणाला, "नावं ठेवायला तुमी हाव की."

त्याला कुत्र्याचा भारी तिटकारा. "कुत्र्याला भाकर टाकली की शेपूट हलवतंय. भाकरीला हलवलं का तुमाला हलवलं, कळत न्हाई. विंचू कुणाची खुशामत करत न्हाई. तुमी मेलात तरी त्याला फरक पडत न्हाई. बराबर हिशोब हाय त्याचा." आता अशा प्राण्याला रोज खाऊ घालणाऱ्या माणसाला काय म्हणावं? आम्ही त्याला येडं म्हणायचो. आम्ही म्हणजे मी, चहाच्या टपरीवरची चार टाळकी आणि बाजारच्या दिवशी येणारी आणखी चाळीस.

त्याची बायको मीराबाई मात्र खमकी. तिनं घराच्या उंबऱ्यावर रेघ मारली होती. "एक जरी बरणी आत आली तर मी कनेरगावला." कनेरगाव नाक्याला तिच्या भावाचा ढाबा. म्हणून बरण्या दुकानामागं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. एक दिवस भर बाजारात दुकानासमोर उभी राहून, आम्हा सगळ्यांच्या देखत तिनं सांगितलं, "ज्या दिवशी यातलं एक बी तुमाला डसंल, त्या दिवशी तुमच्याच फळीवरची बाटली काढून समद्या बरण्यांत वतीन. लेकीची शपथ हाय." मीराबाईच्या शपथा पोकळ नसत. सख्ख्या जावेशी बोलणार नाही म्हणाली होती, तर नऊ वर्षं एका चुलीवर जेवूनही बोलली नव्हती.

मुंजाजी हसला नाही, रागावला नाही. पडद्यामागं गेला आणि प्रत्येक झाकण घट्ट आहे का ते बघून आला.

आता त्याच्या हात धुण्याच्या भानगडीबद्दल सांगायला हवं. औंढ्याच्या डोंगरातून त्यानं एकदा दगडाखालचा एक केसाळ कोळी आणला होता, टोपीत घालून, मोटारसायकलवर, टोपी पोटाशी धरून. आठ दिवस त्याच्याशिवाय दुसरं बोलणं नाही. नवव्या दिवशी सकाळी कोळी पाय पोटाशी घेऊन उताणा. मुंजाजी दुकानाच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, "काल बोंडअळीची एक बाटली पाझरत व्हती. तिला हात लावला, अन् त्याच हातानं ह्याला नाकतोडा टाकला. माझ्याच हातानं मेला, पल्हादभाऊ."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "दुखवट्याचं पत्रक काढायचं का? झेरॉक्स माझ्याकडून." टपरीवर हशा पिकला. मुंजाजीनं अर्धा दिवस शटर ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून दुकानामागं रिठ्याच्या पाण्याची बादली आली. बरणीला हात लावण्याआधी हा सात वेळा हात धुणार. कोपरापर्यंत. मोठ्यानं मोजणार. मग वेगळ्या पंच्याला पुसणार, त्या पंच्याला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. सातच का? "सहा येळा धुऊन बी एक नाकतोडा मेला. सात येळा धुतल्यावर जगला." झालं, एका नाकतोड्याच्या जिवावर याचं शास्त्र उभं. गिऱ्हाईक काउंटरवर खोळंबलंय आणि मागून आवाज येतोय, "एक... दोन..." मग मीच एक दिवस इकडून सूर लावला, "तीन... चार..." टपरीवाल्यांनी उचलला. पुढं पुढं तर रोजचंच झालं. त्यानं एक म्हटलं की अख्खी गल्ली दोन म्हणायची, आणि सातला टाळ्या. तीन वर्षं. तो पडद्यामागून बाहेर यायचा, हात वर धरलेले, कोपरांतून पाणी गळतंय, आणि आमच्याकडं न बघता बरणी उचलायचा. हे सुरू मी केलं, हे मी अभिमानानं सांगत असे.

आता खाद्याची अडचण. नाकतोडे, टोळ तर शेतात पाहिजे तितके. पण औषध न फवारलेल्या शेतातले हवेत! इथं मला खरी मजा वाटायची. ज्या माणसानं पंधरा वर्षं या भागातल्या शेतकऱ्याला नोझल कसं धरायचं इथपासून शिकवलं, तो आता न फवारलेलं रान शोधत वणवण फिरत होता. बांधाबांधानं हिंडला. सगळीकडं याच्याच फळीवरच्या बाटल्या पडलेल्या. शेवटी तांड्यावरच्या एका म्हातारीकडं अर्ध्या एकराचा माळवं लावलेला तुकडा सापडला. तांड्यावर आईला याडी म्हणतात, सगळे तिलाही याडीच म्हणायचे. तिनं आयुष्यात कधी पंप पाठीला लावला नव्हता. मुंजाजी तिच्यासमोर बसून म्हणाला, "याडी, कुणी बी सांगो, फवारू नको." औषध विकणारा माणूस गिऱ्हाइकाच्या पाया पडून सांगतोय, माझा माल घेऊ नको! हे ऐकून मला तर ठसका लागला. पण याडीनं त्याला काही विचारलं नाही. दर बाजाराला ती मेथी-वांगी घेऊन यायची, तेव्हा फडक्यानं तोंड बांधलेल्या गडव्यात त्याच्यासाठी नाकतोडे घेऊन यायची. ती त्याला बेटा म्हणायची. तेवढी एकच बाई बाजारात होती जी त्याला हसत नसे, आणि मी तिलाही अडाणी समजत असे.

एका इंगळीला पिल्लं झाली तेव्हा तर याला आकाश ठेंगणं झालं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, हा माणूस ते दाखवायला प्रत्येकाला आत ओढून नेत होता. तिच्या पाठीवर पांढरी पांढरी, तांदळाच्या कण्यांसारखी पिल्लं. आणि त्यानं गल्लीत बत्तासे वाटले. खरंच वाटले. माझ्या हातावर चार ठेवले.

"बारसं कधी?" मी विचारलं.

"तुमी या म्हंजे लगेच करू," तो म्हणाला. खुशीत होता.

मी बत्तासा तोंडात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मुंजा, ज्या दिवशी तुला यातलं एक डसंल ना, त्या दिवशी मी बत्तासे वाटीन. दोन किलो." लोक हसले. तोही थोडा हसला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मला डसलं त्याचं काय न्हाई, भाऊ. माझी तकलीफ मी भोगीन. पण मीरा मंग ह्यांना ठेवणार न्हाई." म्हणजे याला काळजी स्वतःच्या जिवाची नव्हती. ते ऐकून मला दयाच आली, पण तुच्छतेच्या आत जी दया असते ती.

आमच्या लोकांची अक्कलही सांगण्यासारखी आहे. ज्याच्याकडं विंचू, त्याच्याकडं उतारा, असा इकडचा हिशोब. पूर्वीपासून विंचू उतरवणारे इथं असतच, मंत्र पुटपुटून कडुनिंबाचा पाला झाडणारे. आता लोकांना वाटलं, याच्याकडं तर खुद्द विंचूच राहतात, याच्याइतका मोठा जाणकार कोण? कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीत हात घातला, विंचू चावला, की माणसाला धरून मुंजाजीच्या दुकानात. सोबत मेलेला विंचू कागदात. हा बिचारा ओरडायचा, आयुष्यात पहिल्यांदा ओरडायचा, "मला विंचू दाखवू नका! माणूस दवाखान्यात न्या! इंगळी चावली तर नुसती आग हुते. पण हा बारका लाल चावला अन् घाम सुटला, हात गार पडला, तर माणूस जातो. अर्धा तास बी दम धरू नका!" दोन-तीन माणसं त्यानं स्वतः मोटारसायकलवर घालून औंढ्याच्या सरकारी दवाखान्यात पोचवली आणि ती वाचली. गावात बोलवा झाली, मुंजाजीनं मागं बसवून मंत्र म्हटला.

शेवटी वैतागून त्यानं माझ्याकडून मोठ्या अक्षरांत एक पाटी छापून घेतली. 'येथे विंचू उतरवला जात नाही. लाल विंचू चावल्यास थांबू नका, कुणाची लाज धरू नका, थेट दवाखान्यात जा.' मी म्हटलं, "लाज कशाला? यात लाजेचं काय?" तर म्हणाला, "बाया सांगत न्हाईत, भाऊ. कुठं चावला ते दाखवायला लाजतात. घाम येऊन राहिला तरी गप बसतात." मी टाइप केलं. पाटी लागली आणि गर्दी दुप्पट झाली. पाटी आहे म्हणजे जागा हीच, असं लोकांनी धरलं.

तो दिवस बाजाराचा होता. काढणी जोरात. सकाळी नऊच्या सुमारास त्याचं मोजणं ऐकू आलं, आम्ही नेहमीसारख्या सातला टाळ्या वाजवल्या. त्यानंतर दुकानात शांत होतं. अकराच्या पुढं मी चहाला बोलवायला गेलो. मुंजाजी काउंटरमागं बसला होता, डावा हात पॅन्टच्या खिशात. कपाळावर, मानेवर, ओठांवर घाम. शर्ट अंगाला चिकटलेला. ऑक्टोबरचं ऊन होतं, पण इतकं नव्हतं.

"काय रे, सासरा आला का?" मी म्हणालो.

"ऊन लागलं," तो म्हणाला.

समोर एक शेतकरी उभा होता. मुंजाजीनं उजव्या हातानं फळीवरची बाटली काढली, ती निसटली आणि काउंटरच्या कडेवर आपटून फुटली. औषध पसरलं, तो उग्र वास. "कामात लक्ष दे की जरा! इंगळीचं सपन बघून राहिला का?" असं म्हणत मीच माझ्याकडचे रद्दी झेरॉक्सचे कागद आणले, काउंटर पुसून काढला, काचा गोळा केल्या, हात पॅन्टला पुसले. तो माझ्याकडं बघत होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं, असं आता वाटतं. तेव्हा मला वाटलं, ओशाळलाय. टपरीवर जाऊन मी सांगितलंसुद्धा, "आज स्वारी तंद्रीत हाय."

बारा वाजता याडी आली. डोक्यावरची टोपली खाली ठेवून ती गडवा द्यायला आत गेली. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, काउंटरच्या आत शिरली, खिशातला त्याचा हात धरून बाहेर ओढला.

"बेटा, हात बरफ झाला तुझा. कवा डसला?"

त्यानं हात परत खिशाकडं नेला.

"कवा डसला म्हून राहिले मी!"

"सकाळी. लाल हाय. याडी, वरडू नको. मीराला कळंल."

याडी ओरडली. अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली. मी धावत गेलो तेव्हा मुंजाजी काउंटरवर डोकं टेकून ओकत होता, आणि ती म्हातारी माझ्या छातीवर मूठ मारून म्हणत होती, "समोर बसतो तू, समोर! डोळे कुठं गेलते तुझे?" त्याच्या डोक्यावर भिंतीला मी छापलेली पाटी होती. थांबू नका, कुणाची लाज धरू नका. तीन तास तो त्या पाटीखाली बसून होता. मीराबाईची शपथ एकीकडं आणि माझे दोन किलो बत्तासे दुसरीकडं.

मोटारसायकलवर मी पुढं, मध्ये तो, मागून त्याला धरून टपरीवाला. त्याचा घाम माझ्या पाठीत मुरत होता. औंढ्यापर्यंत तो एकच वाक्य बोलला, "झाकण लावून मंगच बसलो व्हतो, भाऊ. कुणाला धोका न्हाई."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं विचारलं, "किती वाजता चावला?" त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग वेळ सांगितली. ती टपरीवाल्यावर आणि माझ्यावर भडकली, "एवढा वेळ काय करत होतात तुम्ही?" आम्ही काय करत होतो ते आम्हाला ठाऊक होतं. तिनं ताबडतोब गोळ्या, सलाईन सुरू केलं. छातीत घरघर लागली होती. रात्र निघाली तर धोका टळेल, म्हणाली.

सलाईनच्या नळीचा हात न हलवता त्यानं मला जवळ बोलावलं. "भाऊ, मीरा घरून निघाली आसंल. ती इथून परत गावात जायच्या आत बरण्या याडीकडं पोचवा. बोळे सुकले असतील, तेवढे वले करा." बस, एवढंच. मी हो म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. त्या दिवशी तो मागेल ते मी केलं असतं.

टपरीवाल्याला तिथं बसवून मी परत आलो. विंचवाच्या बरणीला मी जन्मात हात लावला नव्हता. त्या दिवशी अकराही लावल्या. एकेक झाकण उघडलं, बोळा बाहेर काढला, पाण्यात भिजवून पिळला, परत आत ठेवला. जो लाल त्याला डसला होता, त्याचाही बोळा ओला केला. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे कोंबून बरण्या बसवल्या, मोटारसायकलला बांधल्या, गल्लीतून मुंजाजीच्या चालीनं हळूहळू नेल्या. टपरीवर कुणीतरी हसलं. मी त्याला आई-बहिणीवरून शिवी दिली. याडीच्या झोपडीत सावलीला खोकं ठेवलं तेव्हा मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं केलेली टिंगल एका फेरीत फेडली, असंही मनात आलं. माझ्यासारख्या माणसाला पुण्य करायला मिळालं की तो लगेच त्याची पावती शोधतो.

संध्याकाळी मीराबाई बाटली घेऊन मागच्या खोलीत गेली, तर फळ्या रिकाम्या. ती तिथंच जमिनीवर बसून रडली. मुंजाजी वाचला.

तिसऱ्या दिवशी याडीचा निरोप आला. आधी कोळी गेले, पाय पोटाशी घेऊन. मग लाल. मग इंगळ्या, पाठीवरून उतरलेल्या पिल्लांसकट. अकराही बरण्या.

निरोप ऐकला त्या क्षणी मला कळलं. पुसलेला काउंटर आठवला, पॅन्टला पुसलेले हात आठवले, बोळे पिळणारी माझी बोटं आठवली. मुंजाजीनं मला हात धुवायला सांगितलं नव्हतं. कसं सांगेल? तीन वर्षं रोज एक ते सात मीच तर मोजत होतो. गावात ही गोष्ट माझ्याइतकी कुणाला पाठ होती?

गल्लीनं लगेच वेगळाच अर्थ लावला. मुक्या जिवांनी धन्यासाठी प्राण सोडले! काल ज्यांना चपलेनं मारायला निघाले होते त्यांच्या इमानाच्या गोष्टी टपरीवर सुरू झाल्या. एकानं तर डोळे पुसले. विंचू कुणासाठी मरत नाही, हे मुंजाजीनं शंभरदा सांगितलेलं मला आठवत होतं. पण मी गप्प बसलो. ती कथा माझ्या सोयीची होती.

सहाव्या दिवशी तो आला. अर्धा झाला होता. बाजारात शिरल्यापासून लोकांनी त्याला ती इमानाची कथा ऐकवली असणार. तो आपल्या दुकानात गेला नाही, सरळ माझ्याकडं आला. काउंटरला धरून उभा राहिला.

"पल्हादभाऊ, हात धुतले व्हते का?"

"धुतले की."

"किती येळा?"

"सात."

त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. इंगळीकडं पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं.

"मंग त्यांचं वय झालं आसंल," तो म्हणाला. आणि रस्ता ओलांडून गेला.

दिवाळीनंतर त्यानं दुकान आवरलं आणि कनेरगावला मेहुण्याकडं गेला. मला तो शेवटचा आठवतो तो मात्र त्या सहाव्याच दिवसाचा. याडीनं खोकं आणून पायरीवर ठेवलं होतं. बरण्या धुऊन पालथ्या घालायच्या होत्या, एवढंच काम. आत माती होती, खापराचे तुकडे होते, जीव एकही नव्हता. मुंजाजीनं बादली बाहेर आणली, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि हात धुवायला लागला. "एक," तो म्हणाला. टपरीवर कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. तो एकटाच मोजत राहिला, आणि सात झाल्यावर त्यानं पहिली रिकामी बरणी उचलली.